गिलावा

गाडीतून उतरल्यावर साहेबांनी टोपी नीट केली, समोर बघितलं, मागं वळून ड्रायव्हरकडे बघितलं आणि मला इंग्रजीत विचारलं, "इथून अजून किती लांब आहे?"

मी ओवाळणीचं ताट घेऊन उभी होते. माळावरचं वारं कुणाचं ऐकत नाही. निरांजन सारखं विझायला बघत होतं आणि मी पदर आडवा धरून ते जगवत होते. माझ्या मागं मुली दोन रांगांत, वेण्यांना लाल रिबिनी. मुलींच्या मागं आमचं वसतिगृह. दुमजली, गुलाबी, गुलाबीला चॉकलेटी काठ. वरच्या कठड्यावर 'सुस्वागतम', त्याखाली साहेबांचं नाव, आणि दोन्ही बाजूंना खाशाबा गवंड्यानं स्वखुशीनं काढलेला एकेक मोर.

"काय लांब, साहेब?"

"वसतिगृह."

"हेच की."

ते हसले. लहान मुलानं पाढा चुकवला की म्हातारी माणसं हसतात, तसं. "नाही, नाही. मी बांधलेलं. जगदाळेबाईंचं. तिथं एक कडुलिंब होता, त्याची सावली अंगणात पडावी म्हणून आम्ही..." बोलता बोलता त्यांची नजर कडुलिंबावर गेली. झाड जिथल्या तिथं होतं. झाडावरून त्यांनी जिन्याकडे बघितलं, जिन्यावरून कठड्याकडे, कठड्यावरून मोराकडे. तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

तेवढ्यात दारातून काठी टेकत अक्का आल्या. "केळबा!" अशी हाक मारली की रांगेतल्या पोरी दचकल्या. एवढ्या मोठ्या माणसाला, इंग्लंडच्या राणीनं 'सर' केलेल्या लेनर्ड केल्बींना, एकेरीत हाक मारणारी पृथ्वीवर बहुधा तेवढीच उरली होती.

साहेब वळले. अक्का ऐंशीला टेकलेल्या, ते सत्तरीच्या पुढचे. दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिले. मग अक्कांनी काठी उचलून इमारतीकडे केली.

"शालन, सांग त्याला. म्हणावं, तुझं काम मी पुरं केलं."

मी सांगितलं. साहेबांनी टोपी काढून हातात घेतली. तिची कड चाचपत राहिले. मला वाटलं, ऊन लागलं. घाटानं मळमळतं पुष्कळांना.

"त्यांना सांगा," ते म्हणाले, "फार निगुतीनं केलंय."

तेही मी सांगितलं. अक्कांनी आनंदाच्या भरात करंड्यातलं निम्मं कुंकू त्यांच्या कपाळाला फासलं.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीतली. मी तेव्हा वसतिगृहाचं स्वयंपाकघर बघायची, आणि लागेल तेव्हा इंग्रजीही. नवऱ्यानं टाकल्यावर मी इथं भाकऱ्या थापायला आले होते. मुलींच्या जुन्या पाठ्यपुस्तकांवर आणि रेडिओवर माझं इंग्रजी वाढलं, म्हणजे उरल्यासुरल्या शिळ्यापाक्यावर म्हैस वाढावी तसं. दिसायला दांडगं, दूध बेताचं. पण दहिवडीच्या पुढं, आमच्या माळावर, दुसरी म्हैस नव्हती.

अक्का म्हणजे द्वारकाबाई जगदाळे. वाड्यावस्त्यांवरच्या मुलींना शाळेजवळ राहायला छप्पर हवं म्हणून त्या ऐन जवानीत घराबाहेर पडल्या. विधवा बाई, वर पदर खोचून दारोदार फिरणारी. गावानं काय काय म्हटलं असेल ते म्हटलं. दुष्काळी कामावर आलेल्या कुठल्याशा परदेशी संस्थेबरोबर हा केल्बी नावाचा तरणा इंग्रज तेव्हा तालुक्यात आला होता. हाताखाली कुणी नाही, मिशी धड फुटलेली नाही. अक्कांनी त्याला झाडाखाली बसवून ताक पाजलं आणि इमारत मागितली. त्यानं बांधून दिली. ती त्याची पहिली.

पुढचं अक्का दर जूनमध्ये नव्या मुलींना सांगायच्या. आम्हाला पाठ होतं.

"भिंती झाल्या, स्लॅब झाला, आन सिमेंट सरलं. गिलाव्याला चिमूटभर न्हाई. भिंती अशा उघड्या, अंगावर सगळ्या फळ्यांचे वण. मी तोंड लपवून बसले. तर ह्यो केळबा माझ्याजवळ आला, भिंतीवर हात ठेवला, आन म्हणला, हे असंच सुंदर दिसतंय, असंच ठेवायचं. समजलं का पोरींनो? त्याला का दिसत नव्हतं? पण गरिबाची अब्रू कशी झाकावी, ते त्या परक्या मुलखातल्या पोराला कळत होतं. माणूस असा असावा."

गावाला मात्र तसं कळत नव्हतं. 'नागडं वसतिगृह' हेच नाव पडलं. आमच्या भागात घर बांधून गिलावा केला नाही की माणूस मुंडावळ्या बांधून लग्नाशिवाय परत आल्यासारखं दिसतं. पुढं कोयनेच्या भूकंपात गावातल्या कितीक भिंती बसल्या, हिला चीर गेली नाही, तरी नाव हटलं नाही. मुली घालायला आलेले बाप फाटकातच थबकायचे. एकजण तर अक्कांच्या तोंडावर म्हणाला होता, "ज्या भिंतीच्या अंगावर कापड न्हाई, तिथं पोरी काय ठिवायच्या?" अक्कांनी त्याला चहा पाजला, मुलगी ठेवून घेतली आणि तो गेल्यावर माजघरात जाऊन बसल्या.

म्हणून मुंबईहून फोन आला, की केल्बीसाहेब भाषणाला येत आहेत आणि त्यांना वसतिगृह बघायचंय, तेव्हा अक्का दोन दिवस नुसत्या येरझाऱ्या घालत होत्या. मग त्यांनी जुन्या मुलींना निरोप धाडले. कुणी सिमेंट दिलं, कुणी रंग, एकीच्या नवऱ्यानं वाळूचा ट्रक दिला. खाशाबानं माणसं लावली. "त्यानं तवा झाकलं," अक्का म्हणाल्या, "आता तो यायच्या आत मी झाकते. पाव्हण्याला किती दिवस खोटं बोलाय लावायचं?"

आम्ही सगळ्यांनी पाणी वाहिलं. मीही. गुलाबी रंग मुलींनी निवडला होता आणि मला तो आवडलाही होता.

दुपारी पिठलं-भाकरी झाली. साहेब मांडी घालून बसले, उठताना दोघींनी धरावं लागलं. मराठीतले दोनच शब्द त्यांच्याजवळ शिल्लक होते, 'हळू' आणि 'बास', आणि पंगतीत दोन्ही उपयोगी पडले.

"हा सर झाला म्हंजे मास्तर झाला का?" अक्कांनी मला विचारलं.

"नाही अक्का. राणीनं मान दिला. मोठमोठ्या इमारती बांधल्या म्हणून."

"राणीचं घर बांधलं व्हय?"

मी विचारलं. साहेब म्हणाले, "राणीचं नाही. कामगारांची. शेकडो घरं, एकावर एक. एक वाचनालय. एका विद्यापीठाचं सभागृह."

"बघ," अक्का मुलींना म्हणाल्या, "सुरुवात आपल्यापास्नं." आणि साहेबांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. "बास, बास," साहेब म्हणाले. अक्कांनी ऐकलं नाही.

जेवणानंतर अक्का पडल्या. साहेब पडवीच्या पायरीवर येऊन बसले. मी शेजारी सूप घेऊन डाळ निवडत होते. ते भिंतीकडे बघत नव्हते. अंगणाकडे बघत होते, जणू भिंत पाठीमागं आहे हेच त्यांना चाललं असतं.

"साहेब, घाटाचा त्रास झाला का?"

"नाही."

थोड्या वेळानं ते आपणहून बोलायला लागले. माझ्याशी नाही, अंगणाशी. त्यांच्या गावाकडं, उत्तरेला, कोळशाच्या खाणींच्या पट्ट्यात त्यांनी गिरणी कामगारांसाठी उंच घरं बांधली होती. उघडं काँक्रीट, काही न फासलेलं. जे आहे ते आहे, भिंत कशाची केली ते तिच्या अंगावर दिसलं पाहिजे. मान मिळाला, पदव्या मिळाल्या. मग पुढं लोकांना ती घरं नकोशी झाली. ओलीची, काळोखाची, कुरूप. सरकारनं पाडायची ठरवली.

"पाडायला सुरुंग लावतात," ते म्हणाले. "बटण कुणी दाबायचं म्हणून सोडत काढली. एका शाळकरी मुलीचा नंबर लागला. छान मुलगी होती, केसात फीत. लोक घरून खुर्च्या घेऊन आले होते, चहा घेऊन आले होते. उद्घाटनाला आले होते त्याच्या दुप्पट तरी असतील. सगळे टाळ्या वाजवत होते. टीव्हीवर दाखवलं. माझी बायको म्हणत होती, बंद कर, लेन, बंद कर ते. मी काही बंद केला नाही."

"मग?"

"मग वाचनालय. मग सभागृह. बायको त्याच हिवाळ्यात गेली. सभागृह पडताना तिला बघावं लागलं नाही."

मी डाळ निवडत राहिले. निवडून झालेलीच परत सुपात घेतली.

"माझ्यावर कुठंही काही छापून आलं," साहेब म्हणाले, "की तळाशी एक ओळ असते. 'याखेरीज भारतात एक लहानसं वसतिगृह.' लहानसं. या लहानशा वसतिगृहात मी झोपण्यापूर्वी रोज जाऊन येत असे. मनानं. खालचा जिना, वळण, वरचा सज्जा. भिंतीवरून हात फिरवत. सगळीकडं मी माणसांशी भांडलो, समित्यांशी, मंत्र्यांशी, रहिवाशांशी. पटवून पटवून घसा गेला. इथं एक शाळा न पाहिलेली बाई होती. मी म्हणालो, हे असंच सुंदर आहे, असंच ठेवू. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान डोलावली. एक शब्द विचारला नाही. तिला कळलं." त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "आयुष्यभर मी स्वतःला सांगत आलो, की निदान तिला कळलं."

माझ्या हातातलं सूप जड झालं.

"आता काही पुन्हा येणं होणार नाही," ते म्हणाले. "एकदा हात लावायचा होता, एवढंच. माझी तक्रार नाही हं. इमारत तुमची आहे. रंग... प्रसन्न आहे."

काय सांगणार होते मी? की ती मान लाजेनं खाली गेली होती, साहेब? मी उठले आणि आत डाळ शिजायला टाकली. ती काही केल्या शिजेना, की मला तसं वाटलं.

उन्हं कलल्यावर मी त्यांना म्हटलं, "जरा मागं येता?"

मागचा जिना म्हणजे चुलीची राख आणि जळण न्यायचा. तिथं आमच्याशिवाय कुणी फिरकत नाही. खाशाबाचा माल तिथं पोचेपर्यंत संपला होता. "तिकडं कोण बघतंय," म्हणून त्यानं ती भिंत तशीच ठेवली आणि अक्कांना सगळं झालं म्हणून सांगितलं. अक्कांचे गुडघे गेलेले, त्या मागं कधी जायच्या नाहीत.

साहेब कोपऱ्यावर वळले आणि थांबले. मग चालत गेले नाहीत, जवळजवळ पळाले. दोन्ही तळवे भिंतीवर टेकले.

मी ती भिंत रोज बघत होते आणि कधी बघितली नव्हती. फळ्यांचे वण म्हणजे काय ते त्यांनी मला दाखवलं. काँक्रीट ओतायच्या साच्याला, म्हणजे सेंटरिंगला, फळ्या मिळेनात, तेव्हा गावानं घरातल्या काढून दिल्या होत्या. हा बघा पलंगाचा पाट. ही बैलगाडीची फळी, इथं लोखंडी पट्टी होती. ही बाभूळ, ही गाठ बघा, डोळ्यासारखी. लाकूड कधीच जळून गेलं असेल, त्याची नस न् नस सिमेंटात उतरली होती.

"आणि हे दार," ते म्हणाले. वळणावर, छातीच्या उंचीला, कडीची जागा दिसत होती आणि तिच्या वर कोरलेलं एक आठ पाकळ्यांचं फूल, उलटं उमटलेलं. "हे त्यांचं स्वतःचं. जगदाळेबाईंचं. डोक्यावर घेऊन आल्या. तो पावसाळा त्यांच्या घराला दार नव्हतं, गोणपाट लावलं होतं. दार मागायला मी गेलो नव्हतो. असं गिऱ्हाईक मला पुन्हा कुठंही मिळालं नाही."

त्यांनी त्या फुलावर कपाळ टेकलं. कपाळावरचं कुंकू भिंतीला लागलं. मी राखेची पाटी उचलल्यासारखं केलं आणि दुसरीकडं बघत राहिले.

सकाळी मला जाग आली ती अक्कांच्या आवाजानं. आवाज मागून येत होता, आणि मागं अक्का म्हणजे काहीतरी झालंच.

एका हातानं गुडघा धरून त्या जिन्याच्या खालच्या पायरीवर उभ्या होत्या. समोर खाशाबा, मान खाली.

"एक भिंत! समदं झाकलं आन एक भिंत नागडी ठिवलीस? मला म्हणलास झालं!"

"मागची बाजू हाय, अक्का. सोमवारी येणारच हुतो. कोण बघतंय म्हणून..."

"कोण बघतंय? ह्या बाईनं नेऊन दावली की त्याला!" त्या माझ्यावर वळल्या. "मी बघितलं काल खिडकीतनं, दोघं मागं निघालेले. म्हणलं तिकडं काय हाय बघण्यासारखं? आख्खं वसतिगृह सोडून तू त्याला हीच भिंत दावलीस व्हय गं? आन हितंच माझं दार!" त्यांनी काठी पायरीवर आपटली. "पंचेचाळीस वर्सं ही लाज मी बघितली. गावभर फळ्या मागत फिरले ती लाज. एकदा, एकदा ती झाकून त्याच्यापुढं उभी राहणार होते!"

साहेब केव्हा येऊन उभे राहिले कळलं नाही. दाढीला साबण तसाच.

"काय म्हणताहेत त्या?"

मी खाशाबाकडं बघितलं.

"शालन, काय म्हणताहेत?"

दुभाष्याचं काम वाईट. दोन्हीकडचं ऐकायचं आणि मधे स्वतः नसायचं. मी सांगितलं. सगळं सांगितलं. की ही भिंत उघडी राहिली याची त्यांना लाज वाटते. ही एकच नव्हे, सगळ्याच. पहिल्यापासून. सिमेंट सरलं आणि तुम्ही त्यांची अब्रू राखायला सुंदर म्हणालात, असं त्या समजतात. दर वर्षी मुलींना सांगतात, तुमच्या सभ्यपणाची गोष्ट म्हणून.

साहेब पायरीवर बसले. थोडंसं हसले. सभ्य म्हटल्याचा एखाद्या माणसाला एवढा त्रास होताना मी पहिल्यांदाच बघितला.

"त्यांना वाटलं, मी शिष्टाचार म्हणून बोललो."

"हो."

"इतकी वर्षं."

"हो, साहेब. सांगू का त्यांना? की तुम्ही खरंच..."

त्यांनी वर बघितलं. अक्का पदरानं डोळे पुसत खाशाबाला अजून काहीबाही बोलत होत्या. गुलाबी भिंतीपुढं त्यांचं पांढरं पातळ, मागं वरच्या कठड्यावर जमलेल्या पोरी. साहेब त्यांच्याकडे किती वेळ बघत होते देव जाणे. घरात हौसेनं केलेला नैवेद्य जमिनीवर सांडलेला बघावा, तसे.

"नाही," ते म्हणाले. "काही सांगू नका. मला वचन द्या." मी दिलं. उठून त्यांनी कोट काढला. "गवंड्याला विचारा, सिमेंट आहे का."

सोमवारच्या कामासाठी आणलेलं सिमेंट होतं. खाशाबा म्हणाला, "साहेब, आदी भिंत छिन्नीनं टोचून घ्याय लागंल. नुसत्या भिंतीवर माल धरत न्हाई." त्यानं छिन्नी पुढं केली. साहेबांनी ती घेतली नाही. खाशाबानं टोचायला सुरुवात केली तेव्हा ते कडुलिंबाखाली जाऊन पाठ करून उभे राहिले. छिन्नीच्या प्रत्येक घावाला त्यांचे खांदे जरासे वर जायचे.

टोचून झाल्यावर मात्र ते आले आणि थापी हातात घेतली.

"आगं बया!" अक्का हरखल्या. राग कुठल्या कुठं गेला. "हा करतोय? शालन, खुर्ची आण गं, बसून बघते. बघा पोरींनो, सर करतोय! राणीचा सर!"

पोरी वरून टाळ्या वाजवत होत्या. खाशाबा घमेलं पुढं करत होता. साहेब माल फेकत होते, गवंड्याच्या रंध्यानं सारखा करत होते. हात शिकलेला होता. पलंगाचा पाट गेला. बैलगाडी गेली. डोळ्यासारखी गाठ गेली. वळणाशी आल्यावर ते थांबले. त्या फुलावर त्यांनी सगळा तळवा ठेवला, पाकळ्यांवरून बोटं फिरवली, आणि "हळू," असं मराठीत म्हणाले. कुणाला, ते कळलं नाही. मग तेही झाकलं.

"सिमेंट गेलं वाटतं डोळ्यात," अक्का म्हणाल्या. "शालन, पाणी दे त्याला."

निघताना साहेबांनी अक्कांचे दोन्ही हात हातात घेतले. "त्यांना सांगा," मला म्हणाले, "आता पुरं झालं."

मी सांगितलं. अक्का हसल्या. पण त्या हसण्यात काहीतरी अडखळलं होतं. गाडी माळ ओलांडून धुळीत दिसेनाशी झाली तरी त्या फाटकाशीच उभ्या राहिल्या.

दुपारी जेवल्या नाहीत. मी ताट घेऊन गेले तर खोलीत नव्हत्या. मागच्या जिन्यात होत्या, ओल्या भिंतीसमोर, खुर्चीवर.

"बस," म्हणाल्या.

मी पायरीवर बसले.

"आईला शेवटची आंघोळ घातली, तवा माझा हात तिच्या तोंडावरनं असाच फिरला होता," त्या म्हणाल्या. "जसा त्याचा मघाशी फिरला. नकोशी वस्तू झाकताना माणूस असा हात फिरवत न्हाई."

मी भाकरीवरच्या माशा हाकत होते.

"शालन."

"अक्का."

"तो तवा म्हणला होता ना, हे असंच सुंदर दिसतंय." त्यांचा आवाज अगदी हलका होता. "तो खरं बोलत होता काय गं?"

मी वचन दिलं होतं. पण मला आयुष्यात एकच काम धड जमलं होतं, एकाचं बोलणं दुसऱ्यापर्यंत पोचवायचं. आणि हे पंचेचाळीस वर्षं पोचायचं राहिलं होतं.

"हो, अक्का."

कडुलिंबाची पानं जिन्यावर येऊन पडत होती, त्यातलं एक त्यांच्या मांडीवर पडलं, त्यांनी काढलं नाही.

"म्हंजे तवा त्यानं माझी अब्रू न्हाई झाकली," त्या म्हणाल्या. "आज झाकली."

संध्याकाळच्या आत खाशाबा परत आला. भिंतीला नख लावून बघितलं, म्हणाला, माल चांगला बसलाय. साहेबांचा हात असला तरी माल तो मालच, पाणी मारायला लागेल सकाळ-संध्याकाळ, नाहीतर तडा जातो. मी पोरींना लावून देते म्हटलं. अक्का म्हणाल्या, नको.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्या कठड्याला धरून, एकेक पायरी थांबत, वळणापर्यंत चढल्या. एका हातात पाण्याची कळशी. तांब्यानं पाणी घेऊन, फूल होतं तिथं, भिंतीवर मारलं. पाणी गिलाव्यावरून खाली ओघळलं. परत मारलं. संध्याकाळी तेच. त्याच्या दुसऱ्या दिवशी तेच. मी कळशी घेऊ गेले तर माझा हात बाजूला सारला.

आठवड्यानं खाशाबा रंगाचा डबा घेऊन आला, भिंत ठोकून बघितली आणि म्हणाला, "अक्का, पुरं आता. पक्का झाला. आता तडा जात न्हाई."

"तू जा," अक्का म्हणाल्या, आणि कळशीत तांब्या बुडवला.